जुने घर सोडताना घरातल्या वस्तूंचे काय करावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या साखर पेठेतले आजोबांच्या काळचे घर येत्या काही महिन्यांत पाडले जाणार असून आई तुमच्याबरोबर जुळे सोलापुरातील फ्लॅटमध्ये राहायला येणार आहेत. घरात नावे घातलेली तांब्या-पितळेची भांडी, आजींचे इरकल लुगडे, वडिलांचा मिलमधला धोटा (मागावर आडवे सूत नेणारे साधन), काचेला चिकटलेला एक जुना फोटो, तेलुगू पत्रांचा गठ्ठा, वडिलांच्या आवाजाची एक कॅसेट, भाकरीची काटवट, दगडी उखळ आणि देवघर आहे. तुम्ही चार भावंडे आहात, त्यांपैकी एक भाऊ अमेरिकेत असतो. काय ठेवावे, कसे ठेवावे आणि वाटणी कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे.

वस्तूंच्या जतनाचे काम मी आधी संग्रहालयात केले आणि आता प्रामुख्याने लोकांच्या घरी जाऊन करतो. त्या आधारावर पहिली सूचना ही, की तुमच्या प्रश्नातला क्रम बदला. पितळेचा हंडा माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. परंतु तो कोणाच्या लग्नात आला, कोणत्या अडचणीच्या काळात विकायला काढला होता आणि कोणी तो विकू दिला नाही, ही माहिती आज बहुधा एकट्या आईंकडे आहे आणि ती कोठेही लिहिलेली नाही. म्हणून आधी नोंद, नंतर जतन आणि वाटणी सर्वांत शेवटी. घर रिकामे करण्याच्या घाईत बहुतेक कुटुंबे वाटणीपासून सुरुवात करतात, आणि वस्तू एकदा चार घरी गेल्या की त्या पुन्हा एकत्र मांडून त्यांच्याविषयी बोलण्याचा योग सहसा येत नाही.

ही नोंद जुन्या घरातच, सामान हलवण्यापूर्वी करावी. हंडा ज्या कोनाड्यात असायचा त्या कोनाड्यासमोर बसलेल्या व्यक्तीला जे आठवते, ते नव्या घरातल्या सोफ्यावर आठवत नाही. ‘याची काही आठवण सांग’ असे विचारू नये, कारण त्यावर ‘सासूबाईंचा आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी वस्तू हातात द्यावी आणि साधे, कामाचे प्रश्न विचारावेत: हे रोज कोण घासायचे? यात काय शिजायचे? पाहुणे आले की काढायचे ते हेच का? हे शेजारी कोणी मागून न्यायचे का? हात वस्तूवर फिरू लागला की बोलणे आपोआप पुढे जाते, आणि आपल्याला विचारायला सुचलेही नसते असे काहीतरी निघते. मोबाईलवरचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. फक्त पंखा बंद ठेवा, कारण मुद्रणात त्याची घरघर बोलण्यापेक्षा मोठी येते. सोलापुरात उन्हाळ्यात ही अट जाचक आहे हे मान्य आहे, म्हणून सकाळी लवकर बसावे. आई तेलुगूतून बोलू लागल्या तर त्यांना मराठीकडे वळवू नये. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतल्या, अनेक घरांत बालपणाच्या गोष्टी तेलुगूतच आठवतात, आणि भाषांतर नंतरही करता येते.

तारखा कोणाच्या लक्षात नसतात, घटना मात्र असतात, हे ध्यानात ठेवून प्रश्न विचारले तर काळ बऱ्यापैकी नेमका लागतो. हा पाट बहात्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा? किल्लारीचा भूकंप झाला, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा ही फडताळे होती का? थोड्या मागच्या पिढीसाठी सोलापूरला स्वतःच्या ठळक खुणा आहेत. मे १९३० मधला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना झालेली फाशी यांचा उल्लेख जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘त्या वर्षी’ असा येतो. ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूरची कापडगिरणी १९४९ मध्ये बंद पडली आणि पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला; तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘मिल बंद होती तेव्हा आजीने पाटल्या मोडल्या’ असे वाक्य आईंनी सासूकडून ऐकले असेल, तर ते इतिहासाच्या एका नेमक्या तारखेला जाऊन भिडते. अशा वेळी घरातल्या मोडलेल्या, म्हणजे आज नसलेल्या वस्तूंचीही नोंद करावी. कुटुंबाच्या इतिहासात त्यांचे महत्त्व कधी कधी उरलेल्या वस्तूंपेक्षा जास्त असते.

आता भांड्यांविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण तुमच्या घरातला सर्वांत मोठा लेखी ऐवज भांड्यांवरच आहे. आपल्याकडे लग्नात, डोहाळजेवणात किंवा वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत असल्यामुळे तांब्या, परात, घागर, कळशी यांच्या काठाखाली देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते, गाव आणि पुष्कळदा तारीखही मिळते. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या उताऱ्यावर नाही, मिलच्या हजेरीपटावर तर नाहीच, तिचे नाव परातीवर असते. काही भांड्यांवर माहेरचे नाव असते, काहींवर सासरचे, आणि एकाच बाईची ही दोन नावे जुळवून देणारे घरात कोणी उरलेले नसते. ती जुळवणी आत्ता आईंकडून करून घ्या.

जुनी अक्षरे छिन्नीने ठोकलेल्या ठिपक्यांची असतात, नंतरची यंत्राने ओढलेल्या सलग रेघेची. बोटाच्या पेराने चाचपले तरी हा फरक कळतो. ठिपक्यांचे खड्डे उथळ असतात, आणि पितांबरी पावडर, चिंच, लिंबू-मीठ किंवा विटकरीची पूड यांनी दर सणाला भांडे घासले की प्रत्येक वेळी धातूचा अतिशय पातळ थर निघून जातो. चिंच-लिंबातले आम्ल काळपट थर विरघळवते आणि पूड त्याच्याखालचा धातू खरवडते. आधी अक्षरांच्या कडा बोथट होतात, मग काना-मात्रा जातात आणि ‘सौ.’ एवढेच उरते. म्हणून ज्या भांड्यावर नाव आहे ते चकचकीत करण्याचा मोह टाळावा. धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी, तेलकटपणा असेल तर साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे आणि तांबूस-तपकिरी झाक तशीच राहू द्यावी. ही झाक म्हणजे घाण नव्हे. धातूच्या पृष्ठभागावर हवेमुळे तयार झालेला तो स्थिर थर आहे आणि खालच्या धातूचे तो काही प्रमाणात रक्षणच करतो. हिरवट, पावडरीसारखे फुगीर ठिपके दिसले तर मात्र तो चालू असलेला गंज समजावा, ते भांडे इतरांपासून वेगळे कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

पुसट झालेली अक्षरे वाचण्याचा उपाय सोपा आहे. रात्री खोलीतला दिवा बंद करून विजेरीचा झोत भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एका बाजूने टाकावा. खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि दिवसा अजिबात न दिसणारी ओळ वाचता येते. त्याच प्रकाशात फोटो घ्यावा. अक्षरांवर खडू किंवा कुंकू भरू नये. बारीक कण खड्ड्यांत अडकून राहतात. भांड्यावर वजन कोरलेले असेल आणि ते शेरात असेल, तर ते बहुधा दशमान वजने रूढ होण्यापूर्वीचे, म्हणजे १९५८ ते १९६२ या संक्रमणाच्या आधीचे असते. त्याच न्यायाने जुन्या पावतीवर किंमत रुपये-आणे-पैशांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव मोठा, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. मात्र जुन्या सवयीने आण्यांचा हिशोब पुढे काही वर्षे चालू होता, हेही विसरू नये.

भांडी वापरायची असतील तर अवश्य वापरा. आंबट पदार्थ शिजवण्याच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवी, आणि कल्हई करणारे कारागीर आता कमी झाले असले तरी जुन्या पेठांत चौकशी केल्यास मिळतात. त्यांना बाहेरची बाजू न तापवता आतून कल्हई करा असे सांगणे व्यर्थ आहे, कारण भांडे भट्टीवर चांगले तापवल्याशिवाय कथील पसरत नाही. म्हणून नाव घातलेले, भेगाळलेले किंवा फार पातळ झालेले भांडे कल्हईला देऊ नये; त्यासाठी साधे, बिननावाचे पातेले निवडावे. राहिली गोष्ट मोडीत देण्याची. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांत कित्येक घरांनी पितळ तोलावर देऊन स्टील घेतले, आणि त्यात नावे गेली. तुमच्याकडची जी भांडी कोणालाच नको असतील ती विकण्यात गैर काही नाही, मात्र विकण्याआधी प्रत्येक नावाचा फोटो आणि मजकुराची नक्कल वहीत उतरलेली असावी.

इरकल लुगड्याच्या बाबतीत मुख्य धोका घडीचा आहे. इरकलचे अंग सुताचे आणि पदर रेशमाचा असतो, आणि हे दोन ताणे विणकर एकमेकांत गुंफून जोडतो. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले रेशीम त्या रेषेत कडक होऊन चिरते, आणि ही चीर शिवून भरून येत नाही. लुगडे इस्त्री न करता, कांजी न लावता, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या मलमलच्या कापडात सैल गुंडाळावे आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. शक्य असेल तर कापडाच्या गुंडाळीवर वळवून ठेवले तर आणखी उत्तम. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. लोखंडी ट्रंकेत ठेवायचे असेल तर ट्रंकेच्या पत्र्याचा आणि कापडाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत गंजाचा डाग सुतात कायमचा बसतो. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. आजींच्या पिढीने कडुनिंबाचा पाला ठेवला तो योग्यच होता, फक्त तो पूर्ण वाळलेला आणि वेगळ्या पुरचुंडीत हवा. ओलसर पाल्याचे डाग पडतात. जुना लाल रंग पाण्यात उतरण्याची दाट शक्यता असते, म्हणून धुण्याचा विचारच करू नका. बाहेरून दिसणारा हळदीचा डाग तसाच राहू द्यावा. तो कोणत्या कार्यातला आहे हे आईंना विचारावे.

कसर लागल्याची शंका असेल, म्हणजे घडीत बारीक भोके किंवा वाळूसारखे कण दिसत असतील, तर कापड जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण एक दिवस, बंदच ठेवावी, नाहीतर बाहेरची वाफ कापडावर धरते. प्लास्टिकची पिशवी येथे केवळ या उपचारापुरती आहे, साठवणीसाठी नाही.

फाटलेल्या सुती लुगड्यांचा प्रश्न वेगळा आहे. ती अखंड जपण्यासारखी नसतील तर त्यांची वाकळ शिवून घ्यावी, आणि चार भावंडांसाठी चार. आपल्या जिल्ह्यात ही कला जाणणाऱ्या बाया अजून आहेत, आणि वाकळीत गेलेले लुगडे रोज अंगावर येते. संवर्धनाच्या काटेकोर दृष्टीने वस्तू कापणे वर्ज्य आहे हे मला माहीत आहे. तरीही कुटुंबाच्या वस्तूला संग्रहालयाचे सर्व नियम लावणे मला पटत नाही. संग्रहालयातली वस्तू अनोळखी माणसांसाठी असते आणि घरातली ओळखीच्यांसाठी. शाबूत इरकल मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी उशांच्या खोळी किंवा ड्रेस शिवण्यासाठी कापू नका, आणि चार तुकडे करून वाटण्याचा विचार तर मुळीच नको.

काचेला चिकटलेल्या फोटोला सध्या हात लावू नका. जुन्या कृष्णधवल फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. भिंतीतला ओलावा फ्रेममध्ये शिरला की तो मऊ होतो आणि वाळताना काचेला धरून बसतो. ओढून काढला तर चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो. पाणी मारणे, वाफ देणे, केसांच्या ड्रायरने गरम करणे हे सगळे उपाय ऐकिवातले आहेत आणि घरी करू नयेत. काचेसकटच त्याचा कॅमेऱ्याने फोटो घेणे हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय ठरतो. फ्रेम टेबलावर आडवी ठेवावी, दोन्ही बाजूंनी खिडकीचा सारखा उजेड घ्यावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मध्ये भोक पाडलेले काळे कापड कॅमेऱ्यासमोर धरावे, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब येत नाही. मूळ फोटो सोडवून घ्यायचाच असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचे केंद्र आहे. तशा प्रशिक्षित माणसाकडेच न्यावा. जुन्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचा शिक्का असतो, तोही टिपून घ्यावा. इतर सुटे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ते हळूहळू बाहेर काढावेत, आणि रंगीत फोटोंना प्राधान्य द्यावे, कारण सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो त्याआधीच्या कृष्णधवल फोटोंपेक्षा लवकर उडतात. फोटोमागे नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कडेला आणि दाब न देता. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. नावे लिहिताना ‘आजी’ असे लिहू नका; पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ती कोणाची आजी हे कळायला हवे.

तेलुगू पत्रांसाठी दोन गोष्टी कराव्यात. त्यांची स्टेपलची पिन, टाचणी, रबर हे सगळे काढून टाकावे. घडी उलगडून सपाट ठेवावी आणि मोबाईलवर प्रत्येक पानाचा, पाकिटासकट, फोटो घ्यावा. पोस्टाचा शिक्का वाचता येत नसला तरी पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे आहे हे नक्की, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्यानंतर वाचन. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, कुटुंबांची करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागांतल्या नातेवाइकांशी पत्रापत्री असे, आणि मराठी शाळेत शिकलेल्या पिढीला तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही. ज्या थोरांना वाचता येते त्यांच्याकडून पत्रे मोठ्याने वाचून घ्यावीत आणि वाचन ध्वनिमुद्रित करावे. टंकलेखनापेक्षा हे जलद होते, आणि पत्रातल्या कोणत्या ओळीला वाचणारा थांबला, तेही मुद्रणात राहते. कागदांना लॅमिनेशन करू नये. सुरुवातीला ते भक्कम वाटते, पण उष्णतेने वितळलेला तो थर पुढे काढता येत नाही, आणि आत कोंडलेल्या कागदाची पिवळी पडण्याची क्रिया थांबतही नाही. सेलोटेपचेही तेच.

कॅसेटला मी खरे तर सर्वांत आधी घ्यायला हवे होते, कारण तुमच्या यादीत तिचेच आयुष्य सर्वांत कमी आहे. तिच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी आवाज पुसला जाणार नाही. कॅसेट न वाजवता एकदा पुढे व एकदा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे घट्ट चिकटलेले फेरे सुटतात. आवाज अगदी बारीक किंवा दबका येण्याचे कारण बऱ्याचदा आतला इवलासा स्पंजी दाबपट्टा निखळणे हे असते. तेव्हा फिती तशाच ठेवून त्या नव्या, स्क्रूच्या कवचात बसवून घेता येतात. पहिल्यांदा वाजवताना मुद्रण सुरू असलेच पाहिजे, कारण ती वाजण्याची शेवटची वेळही असू शकते. वाजवण्याच्या यंत्राच्या लाइन-आउटमधून संगणकात घ्यावे आणि मूळ फाइल दाबून लहान न करता ठेवावी. पाठवताना व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवावी. साध्या पाठवण्यात फाइल दाबली जाऊ शकते. एक प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक भावाकडे अमेरिकेत, अशी व्यवस्था पुरेशी आहे.

धोट्याला पॉलिश करू नये. मिलच्या मागाच्या धोट्याच्या दोन्ही टोकांना पोलादी शेंबी असते आणि एक कड ये-जा करून गुळगुळीत झालेली असते. ती झीज हीच वडिलांच्या कामाची नोंद आहे. आत कांडीवर सूत उरले असेल तर ते तसेच राहू द्यावे. काटवट वापरात असेल तर ती वापरतच राहावी: धुऊन सावलीत वाळवावी, उन्हात ठेवू नये, वॉर्निश लावू नये. तिच्याखाली ताजा बारीक भुसा पडत असेल तर किडा आत जिवंत आहे असे समजून ती इतर लाकडी सामानापासून लगेच दूर करावी. उखळाचा निर्णय तुम्हाला वजनावरून घ्यावा लागेल. शेंगाची चटणी उखळात कुटून खाणारे आणि मिक्सरची खाणारे यांच्यातला वाद सोलापुरात मिटणारा नाही. तुमच्या घरी कुटणारे कोणी असेल तर बिल्डरशी बोलून ते खालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात बसवता येते का पाहा. कुटणारे कोणी नसेल तर आईंच्या हातचा एक घाणा कुटतानाचे चित्रीकरण करून उखळ ज्याला वापरायचे आहे त्याला द्या. जाते असेल तर तेच धोरण, शेवटचे कधी टाकवले (टाकीने पुन्हा खरबरीत केले) होते एवढी नोंद करून.

वाटणीकडे येतो. आई हयात आहेत आणि त्यांना स्पष्ट सांगता येते, ही तुमची मोठी सोय आहे. म्हणून प्रत्येक वस्तू कोणाकडे जावी हे आधी त्यांनाच विचारा आणि ते चौघांच्या समोर वहीत लिहा. त्यांनी न ठरवलेल्या वस्तूंसाठी माझी पद्धत अशी: प्रत्येकाने आपल्याला हव्या असलेल्या वस्तूविषयी, ती का हवी, हे चार ओळींत लिहून आणायचे, आणि मग सगळ्यांनी ते एकत्र वाचायचे. बहुतेक वेळा असे दिसते की एकाच हंड्यावर दोघांचा डोळा असल्याचा समज खोटा असतो. एकाला हंडा हवा असतो आणि दुसऱ्याला फक्त तो हंडा दारात असलेला फोटो. भांडी लेकींची आणि घर मुलांचे ही जुनी वहिवाट आपोआप लागू करू नका, कारण मुलींना भांडी हवीत की धोटा, हे कोणी विचारलेलेच नसते. किंमत असलेल्या वस्तू, म्हणजे सोने-चांदी, या आठवणींच्या वाटणीत मिसळू नयेत. त्यांचा हिशोब वेगळ्या कागदावर करावा.

देवघर एकाकडेच, शक्यतो आई राहतील तेथे, राहावे. ज्या घरांत चांदीचे टाक असतात तेथे भाऊ वेगळे झाले की नवे टाक सोनाराकडून घडवून घेण्याची रीत आहेच, आणि झिजलेले टाक उजळून घेण्याचीही. म्हणजे देव वाटण्याची अडचण आपल्या पूर्वजांनी केव्हाच सोडवून ठेवली आहे. जुने टाक सोनाराला देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, आणि ते आटवायला नव्हे तर नमुन्यासाठी दिले आहेत हे स्पष्ट सांगावे.

अमेरिकेतल्या भावाने काय न्यावे, याला कायद्याची एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते, परदेशात नेण्यावर बंदी आहे. जुनी दिसणारी मूर्ती किंवा मोठा समईचा जोड न्यायचा असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. विमानतळावर अडकल्यानंतर पळापळ करून उपयोग होत नाही. वस्तूचे वय ठरवण्यासाठी हाताशी असलेली खूण म्हणजे पुन्हा भांड्यावरची तारीख. वस्तूत हस्तिदंत किंवा जुन्या बाळलेण्यात वाघनख असेल तर ती बाहेर नेण्याचा किंवा विकण्याचा प्रयत्नच करू नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याबाबत कडक आहे.

सगळे ठेवायचे नाही, हेही सांगायला हवे. फ्लॅटच्या माळ्यावर जे चढते ते पुन्हा उतरत नाही, आणि पुढची पिढी ते न उघडता भंगारात देते. वापरात, भिंतीवर किंवा काचेच्या कपाटात जेवढे राहू शकेल तेवढेच ठेवावे. ‘संग्रहालयाला देऊ’ असे पुष्कळ जण म्हणतात. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूंचेच आहे आणि ते दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभे केले. तरीही कोणतेही संग्रहालय आधीच असलेल्या वस्तूची आणखी एक प्रत, तीही माहितीविना, सहसा घेत नाही. नोंदीची वही सोबत असेल तर मात्र विचार होतो, आणि मिलचा पास, धोटा, पगाराची पावती व त्या वस्तू ज्याच्या होत्या त्याची ध्वनिमुद्रित मुलाखत असा एकत्र संच असेल तर एकट्या धोट्यापेक्षा त्याला पुष्कळ अधिक महत्त्व येते.

सामान हलवण्याच्या दिवसासाठी एवढेच. कागद, फोटो, कॅसेट आणि लुगडे यांची एक पेटी टेम्पोत न ठेवता स्वतःच्या गाडीतून न्या, आणि ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला हरकत नाही, पण नव्या घरी पोहोचताच तो कागद काढून टाका. चांदी तर वर्तमानपत्रात आणि रबरबँडमध्ये बांधूच नका, ती त्यातल्या गंधकाने काळी पडते. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने वहीतल्या क्रमांकाची चिठ्ठी बांधा. नव्या फ्लॅटमध्ये या पेटीसाठी बाथरूमला लागून नसलेली आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेली जागा आधीच पाहून ठेवा, कारण नव्या बांधकामाच्या भिंतींतला ओलावा जायला एक-दोन पावसाळे लागतात.